किनाऱ्याचा जमाखर्च – ६ : वेळासची कासवं आणि त्यांचे पाहुणे

मागच्या भागात आपण वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायका वल्हवत नेतात त्या होडीतून कांदळवन पाहिलं. तिथे झाडं जागची हलत नाहीत, आलेला पाहुणा रिकाम्या डोळ्यांनी परत जात नाही. आजच्या गावाचं तसं नाही. पुण्या-मुंबईहून लोक जे बघायला येतात ते त्या दिवशी दिसेलच, असं गावातलं कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हे गाव म्हणजे मंडणगड तालुक्यातलं वेळास, बाणकोट खाडीच्या मुखाशी, नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेलं. नाना फडणवीसांचं मूळ गाव एवढीच त्याची जुनी ओळख. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेची माणसं समुद्री गरुडांची पाहणी करत इथे आली आणि वाळूत त्यांना कासवांच्या अंड्यांची टरफलं सापडली. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या इथे येत होत्या, पण त्यांची अंडी माणसं काढून नेत, उरलेली कुत्री आणि कोल्हे खात. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाला आणि वनखात्याला सोबत घेऊन राखण सुरू केली. अंडी हुडकायची नजर गावात होतीच, ती राखणीच्या कामी आली.

ही राखण वाटते तितकी सोपी नाही. मादी रात्री पुळणीवर येते, दीड-दोन फूट खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परतते. पुन्हा त्या घरट्याकडे ती फिरकतही नाही. मागे उरतो तो तिच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग. राखण करणारे गावकरी, म्हणजे कासवमित्र, पहाटे किनारा पायी तुडवतात ते या मागासाठी, कारण ऊन-वारा वाढला की तो पुसतो. घरटं सापडलं की अंडी कुंपण घातलेल्या हॅचरीत तितक्याच खोल खड्ड्यात हलवतात. हे पहिल्या काही तासांतच उरकावं लागतं. नंतर आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि अंडं उलटलं तर मरतो. पुढचे पन्नासेक दिवस उबवण्याचं काम वाळूचं. पिल्लू नर होणार की मादी, हेही वाळूच ठरवते: थंड वाळूत नर जास्त, तापलेल्या वाळूत माद्या जास्त. उन्हाळे तापत चालले आहेत, तेव्हा हॅचरीवर सावली धरायची की नाही हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे.

या राखणीच्या पाठीवर, पिल्लं समुद्रात जाताना पाहुण्यांना दाखवणारा कासव महोत्सव आला. राखण आधी, पाहुणे मागाहून, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधी रिसॉर्ट उभं राहतं आणि मग त्याच्या जाहिरातीसाठी निसर्ग शोधला जातो. वेळासला हॉटेलं नव्हती, म्हणून पाहुणे घरोघरी उतरले. ओसरीवर गाद्या, पानात उकडीचे मोदक, आणि पैसा थेट त्या घरात. अंडी विकून मिळणाऱ्या चार पैशांपेक्षा पिल्लू जगल्याचा फायदा जास्त, हे गणित मग कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पिल्लं बाहेर येतात ती बहुधा वाळू निवलेली असताना, म्हणून त्यांना सोडण्याची वेळ सकाळची आणि संध्याकाळची. दोरीमागे उभा असलेला कुणीतरी दर वेळी विचारतो, ‘उचलून पाण्यातच का सोडत नाही?’ त्या काही हातांच्या चालण्यात पिल्लू आपल्या किनाऱ्याची खूण मनात धरतं आणि मोठेपणी मादी अंडी घालायला त्याच भागात परतते, असं अभ्यासक मानतात. ते चालतं उजेडाच्या दिशेने, म्हणून मोबाइलचा फ्लॅश नको आणि किनाऱ्यावर झगझगीत दिवेही नकोत.

माद्या पुढे कुठे जातात हे समजावं म्हणून २०२२ च्या जानेवारीत वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला गेला. तिचं नाव ‘प्रथमा’. त्याहून चकित करणारी गोष्ट गुहागरची: २०२१ मध्ये ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी, हा समज तिने एका रात्रीत डळमळीत केला.

मला खटकतं ते एवढंच, की अलीकडे शनिवार-रविवारच्या गर्दीला पिल्लं ‘हवी’ असतात. लांबून आलेला माणूस हिरमुसतो, मुलं रडतात, आणि मग एखादं पिल्लू पुढच्या खेपेसाठी राखून ठेवा ना, अशी गळ कासवमित्राला घातली जाते. पिल्लाच्या अंगातली पहिल्या दिवसाची ताकद खोल पाणी गाठण्यासाठी असते, टोपलीत बसून संपवण्यासाठी नव्हे. इथे नाही म्हणणं हे कासवमित्राचं काम आहे आणि ते ऐकून घेणं पाहुण्याचं.

जायचं असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल हा हंगाम. हरिहरेश्वरकडून येणाऱ्यांनी बागमांडला-वेश्वी फेरीबोट धरावी, वळसा वाचतो. निघण्याआधी घरमालकाला फोन करून घरटी कोणत्या टप्प्यावर आहेत ते विचारावं आणि जमल्यास आठवड्याच्या मधले दिवस निवडावेत. पिल्लं नाहीच दिसली, तर बाणकोटचा किल्ला हाकेच्या अंतरावर आहे.