फूल येईपर्यंत नाव नाही

खर्चुडीचा कंद नुसता हातात देऊन ‘ही कुठली जात?’ असं विचारलं, तर मुरलेला वर्गीकरणतज्ज्ञही उत्तर द्यायला कचरतो. वेल वर आला, पानं फुटली, तरी खात्री नसते. एकाच जातीची पानं एका डोंगरावर अरुंद, तर दुसऱ्यावर रुंद निघतात. फूल यावं लागतं. ते पावसाळ्यात येतं, मोजक्या आठवड्यांपुरतं येतं, आणि कंदाची तब्येत बरी असेल तरच येतं. म्हणून ऑक्टोबरात कड्यावरच्या वाळलेल्या वेलाखालून काढून आणलेल्या कंदाला नाव मिळायला पुढचा ऑगस्ट उजाडतो. तोवर त्याची ओळख म्हणजे एक क्रमांक आणि तो जिथून उचलला त्या जागेचं नाव. या मधल्या काळात त्याला जिवंत ठेवणं हे वनस्पतिशास्त्रातलं मोठं काम आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या बागेत ते जवळून पाहायला मिळालं.

विद्यापीठ 1962चं. त्याच्या वनस्पतिशास्त्र विभागाची ही बाग केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या योजनेतून ‘लीड बोटॅनिकल गार्डन’ झाली. बाग म्हटल्यावर हिरवळ, कारंजं आणि गुलाबाचे वाफे मनात धरून येणाऱ्याची इथे थोडी निराशा होते. पाम वृक्षांचा संग्रह बघायला लोक थांबतात, फोटो काढतात. पण बागेचा जीव मला जिथे सापडला त्या जागा साध्या आहेत. पाणवनस्पतींच्या टाक्या आणि शेडनेटखाली मांडलेल्या कुंड्या. त्या कुंड्यांतच सेरोपेजिया, म्हणजे आपली खर्चुडी किंवा कंदीलपुष्प, वाढते. भारतात या प्रजातीच्या पन्नासहून अधिक जाती आहेत. त्यातल्या निम्म्याहून अधिक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि सह्याद्री हे त्यांचं मोठं माहेर. काही जातींचं अख्खं वास्तव्य एखाददुसऱ्या डोंगरावर. गुराखी पोरं कंद उकरून खातात, रानडुकरं आणि साळिंदरं खातात, वणवे लागतात, घाटरस्ता रुंद होतो. ज्या जातीचे वेल एका उतारावर मावतात तिला यातली एकच गोष्ट पुरते.

कुंडी भरण्याचं काम दिसायला किरकोळ. तळाला विटेचे तुकडे, त्यावर मुरूम आणि वाळू, थोडी पोयट्याची माती, शेणखत अगदी बेतानं. कड्याच्या खोबणीत मूठभर मातीत वाढलेल्या झाडाला सकस माती मानवत नाही. वेल माजतो आणि फूल धरत नाही. कंद फार खोल पुरला तर कुजतो, उघडा राहिला तर उन्हानं सुकतो. पाणी घालणारे मामा एक बोट मातीत खुपसतात, क्षणभर थांबतात आणि झारी उचलतात किंवा पुढच्या कुंडीकडे सरकतात. मी विचारलं, अंदाज कसा घेता? म्हणाले, “कमी पडलं तर कळ काढतंय ते. जास्त झालं की गेलंच.” शेजारी उभी असलेली पीएच.डी.ची विद्यार्थिनी मला हळूच म्हणाली, की हे मामांच्या बोटाला कळतं तसं आम्हाला अजून कळत नाही. मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटतं. शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत या बोटाचं नाव आलं तर आलं, पण त्याशिवाय वर्णन करायला फूलच उरणार नाही.

दिवाळीनंतर वेल पिवळा पडतो, वाळतो, गळून जातो. मग उन्हाळाभर कुंडीत नुसती माती दिसते आणि तिच्यात खोचलेली पट्टी. सगळ्या वर्षात मला हाच काळ सर्वांत धोक्याचा वाटतो. प्लॅस्टिकची पट्टी कोल्हापूरच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन मोडते, शाई उडते. म्हणून ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर खिळ्यानं क्रमांक कोरतात आणि तोच क्रमांक नोंदवहीत असतो. त्या क्रमांकापुढे कंद कुठून आणला, कुणी, कधी, किती उंचीवरून, उतार कुठल्या दिशेचा, भोवती काय उगवलं होतं, हे सगळं लिहिलेलं. पट्टी हरवली तर कुंडीत एक वेल उरतो. सुंदर असेल, पण विज्ञानाच्या दृष्टीनं तो अनाथ झाला.

एका महाविद्यालयाची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मूल्यांकन समिती यायची होती, मे महिना होता. परिसर स्वच्छ दिसावा म्हणून ‘रिकाम्या’ कुंड्या उपसल्या गेल्या आणि त्यांत शोभेची झाडं लावली गेली. उपसलेल्या मातीच्या ढिगात कंद होते. ज्या प्राध्यापकांनी ते वर्षानुवर्षांच्या भटकंतीत गोळा केले होते ते सुट्टीवरून परतले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिथे पत्र्याची पट्टी होती, नोंदवही होती. ती वाचता येणारा माणूस त्या दिवशी हजर नव्हता, आणि कंत्राटी माणसं दर काही महिन्यांनी बदलणाऱ्या ठिकाणी तो हजर असण्याची शक्यताही कमीच. वनस्पती उद्यानासाठी एक कायम नोकरीतला, झाडं ओळखणारा माळी असणं ही मला प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाइतकी मूलभूत गरज वाटते.

ऑगस्टमध्ये कळी दिसली की विभागातलं वातावरण बदलतं. कुणीतरी जिन्यावरूनच ओरडतं, “अमुक नंबरला कळी आलीय!” खर्चुडीचं फूल म्हणजे खाली फुगीर, मध्ये नळी आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकत्र जुळून झालेला पिंजरा. त्या पिंजऱ्याच्या फटींतून बारीक माश्या वासाला भुलून आत शिरतात. नळीच्या आतल्या भिंतीवर खाली वळलेले केस असतात. आत जाता येतं, वर चढता येत नाही. माशी तळाच्या फुगवट्यात अडकते, धडपडते, आणि त्या धडपडीत परागांची जोडपिशवी तिच्या सोंडेला चिकटते. यथावकाश केस सुकतात, फूल कलतं, माशी सुटते आणि पुढच्या फुलात पुन्हा फसते. फूल तिला खात नाही, इजा करत नाही; काही काळ थांबवून ठेवतं, इतकंच. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण एका फुलाची नळी उभी चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा आतल्या जांभळट केसांच्या रांगेखाली एक जिवंत माशी चालत होती. ती हवेत उडेपर्यंत तिथलं कुणीही चिमटा उचलला नाही.

नाव ठरतं ते या फुगवट्याच्या तळाशी असलेल्या छोट्या मुकुटावरून. त्याचे बाहेरचे खंड दुभंगलेले की अखंड, आतले खंड सरळ की टोकाशी वळलेले, केसाळ की गुळगुळीत, हे सगळं काही मिलिमीटरांच्या आत पाहायचं असतं. दाबून वाळवल्यावर हा मुकुट चपटा होऊन जातो. म्हणून एक फूल अल्कोहोलच्या बाटलीत, एक कागदावर चित्रासाठी आणि एक तिथल्या तिथे उकलण्यासाठी, अशी वाटणी होते. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या आरशाच्या नळीतून एका डोळ्यानं फूल आणि त्याच वेळी कागदावरची पेन्सिल बघत चित्र काढलं जातं. छायाचित्र असताना चित्र कशाला, हा प्रश्न मीही विचारला. उत्तर पटण्यासारखं होतं: कॅमेऱ्याला जे समोर येतं ते सगळं सारखंच महत्त्वाचं, चित्र काढणाऱ्याला मात्र प्रत्येक रेघेला ठरवावं लागतं की ही कड खरोखर तिथे आहे की प्रकाशाचा भास आहे.

वेलाची फांदी जुन्या वर्तमानपत्रात पसरून प्रेसमध्ये आवळतात. पावसाळ्यात कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर बुरशी धरते. वाळलेला नमुना साधारण 28 बाय 42 सेंटीमीटरच्या जाड कागदावर शिवतात किंवा चिकटवतात, उजव्या कोपऱ्यात खाली माहितीची चिठ्ठी लावतात. हा हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाचा, कागद. शिवाजी विद्यापीठाच्या हर्बेरियमची जगभर मान्य संज्ञा ‘एसयूके’. नीट जपला तर हा कागद शतकानुशतकं टिकतो. तरी या कागदाला काही गोष्टी सांगता येत नाहीत, आणि त्यातली एक म्हणजे गुणसूत्रं.

त्यासाठी जिवंत मूळ लागतं. सकाळी कुंडी आडवी करून माती अलगद सरकवायची. कुंडीच्या भिंतीलगत पांढरी, टवटवीत टोकं दिसतात. त्यातली मोजकी कापायची आणि माती परत तशीच बसवायची. झाडाला कळूही नये इतक्या हलक्या हातानं हे होतं. टोकं पॅराडायक्लोरोबेंझीनच्या द्रावणात काही तास ठेवली की पेशींचं विभाजन मधल्या टप्प्यावर थांबतं आणि गुणसूत्रं आखडून सुटी होतात. मग अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लात स्थिरीकरण, आम्लात मऊ करणं, ऑर्सिनचा लालसर रंग, आणि शेवटी काचपट्टीवर अंगठ्याचा दाब. या दाबात अनेकांची स्लाइड फुकट जाते: थोडा कमी पडला तर गुणसूत्रं एकमेकांवर राहतात, अंगठा सरकला तर पेशी फुटून विखुरतात. जमली की भिंगाखाली 22 रंगीत कण मोजता येतात. खर्चुडीच्या बहुतेक जातींत ते इतकेच. मग ते मोजायचे कशाला? कारण संख्या तीच असली तरी आकार आणि गुणसूत्रबिंदूची जागा जातीगणिक बदलू शकते, आणि जिथे संख्या दुप्पट निघते तिथे नवा प्रश्न उभा राहतो.

यानंतर पुस्तकं. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा 1901 ते 1908 या काळातला ग्रंथ आजही टेबलावर उघडा असतो. बाजूला एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांचा 2002 सालचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ. यादव सरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्री आणि कोकणचे सडे पायाखाली घालून अनेक नव्या वनस्पतींची नोंद केली. दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ एच. वाय. मोहन राम यांचं नाव दिलेली सेरोपेजिया मोहनरामी ही सिंधुदुर्गातली जात 2006 मधली. त्याच वर्षी नाशिकजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावरून आणखी एक नवी खर्चुडी जाहीर झाली, तिच्या नावात तो डोंगरच आहे. एकविसाव्या शतकात, पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहकांची दर रविवारी रांग लागते अशा डोंगरांवर, नाव नसलेली फुलझाडं उभी होती. याचा मला अजूनही अचंबा वाटतो आणि तितकीच काळजी वाटते, कारण वर्गीकरण शिकणारी मुलं कमी होत आहेत. रेणूंच्या अभ्यासाला निधी मिळतो, नोकरी मिळते. पानाफुलांच्या कडा मोजणाऱ्याला दोन्हींची वाट पाहावी लागते. पण डीएनए कुठल्या झाडाचा काढला हे सांगायला शेवटी हाच मोजणारा लागतो.

नाव मिळालं की काम संपलं असं मला वाटलं होतं, पण बागेत त्यानंतरचं कामही चालतं. मूळ डोंगरावरची माशी कोल्हापुरात असेलच असं नाही. ती नसेल तर फुलं येतात आणि गळून जातात, शेंग धरत नाही. मग नळीला बाजूनं छोटी खिडकी कापून परागांची पिशवी सुईच्या टोकावर उचलायची आणि दुसऱ्या वेलाच्या फुलातल्या बारीक खाचेत बसवायची. पिशवी मिलिमीटरच्या अंशाएवढी, खाच त्याहून अरुंद, आणि पिशवी उलटी बसली तर सगळं वाया. हे करणारी मुलगी श्वास रोखून बसते. मागे कुणी दार लावलं तरी खपत नाही. साधलं तर दोन लांब, बारीक शेंगांची जोडी लागते. रुईच्याच कुळातलं झाड असल्यानं बियांना रेशमी झुपका असतो, शेंग तडकली की सगळं वाऱ्यावर जातं. म्हणून पिकत आलेल्या शेंगेवर मलमलीची पिशवी बांधतात.

बियांपासून रोप लवकर येतं, पण परतीच्या प्रवासाला पुरेल इतका कंद तयार व्हायला दोन-तीन पावसाळे जातात. मग पहिले पाऊस पडून गेल्यावर, कातळ ओला झाल्यावर, ते कंद ज्या डोंगराची नोंद वहीत आहे त्याच डोंगरावर न्यायचे. दुसऱ्या डोंगरावर नेले तर तिथल्या झाडांत बाहेरचा वाण मिसळतो. जागा निवडताना मुलं गुरांची वाट, साळिंदराची विष्ठा, वणव्याची काळी खूण बघतात आणि जिथे हात कसाबसा पोचतो अशा कपारीत कंद बसवतात. प्रत्येक जागेचा जीपीएस घेतला जातो, शेजारच्या दगडाचा फोटो काढला जातो. किती जगतात? मी विचारलं तेव्हा विद्यार्थिनीनं वही उघडून मागच्या वर्षीचं पान दाखवलं. काही क्रमांकांपुढे पान आल्याची खूण होती, काहींपुढे फुली, आणि बऱ्याच ओळी अजून कोऱ्या. त्या ऑगस्टात भरायच्या होत्या.