लकव्यानंतरचा हात आणि रोबोट मशीन : कर्ज काढण्याआधी एवढं वाचा



घरात कुणाला लकवा मारला की दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर खरी परीक्षा सुरू होते. पाय हळूहळू चालायला लागतो, पण हात लुळाच राहतो. मग कुणीतरी सांगतं, "शहरात रोबोट मशीन आहे, त्याने हात बरा होतो म्हणे." आणि गटात कर्जाचा अर्ज येतो. म्हणून हे मशीन नेमकं काय करतं, ते समजून घेऊया.

लकव्यात बिघाड हातात नसतो, मेंदूत असतो. मेंदूच्या एका भागाचं रक्त अडतं किंवा तिथे रक्तस्राव होतो, आणि हाताला हुकूम देणाऱ्या पेशी मरतात. त्या परत येत नाहीत. पण बाकीचा मेंदू ते काम थोडंफार शिकू शकतो. त्यासाठी तीच हालचाल पुन्हा पुन्हा, शेकडो वेळा करावी लागते.

रोबोट हेच करून घेतो. हात मशीनला बांधतात. समोरच्या पडद्यावर खूण दिसते, तिथपर्यंत हात न्यायचा. ताकद कमी पडली तर मशीन पुढे ढकलतं. माणूस दमतो, मशीन दमत नाही. फायदा एवढाच.

ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर याची तपासणी झाली. त्यातल्या एका गटाला आठवड्यातून ३ दिवस, ४५-४५ मिनिटं, असे १२ आठवडे रोबोटचे व्यायाम दिले. निकाल २०१९ मध्ये आला. हाताची हालचाल थोडी सुधारली, पण कपडे घालणं, जेवणं अशा रोजच्या कामात नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फरक पडला नाही. म्हणजे मशीन वाईट नाही, पण जादूही नाही.

मग करायचं काय?

• सुधारणा पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त होते. पैशाची सोय होईपर्यंत थांबू नका. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची चौकशी लगेच करा आणि व्यायाम नीट शिकून घ्या.
• त्यांनी सांगितलेले व्यायाम घरी रोज करा. थोडी हालचाल असेल तर त्या हाताला काम द्या : फडक्याने पाट पुसणं, वाटी धरणं, शेंगा निवडणं.
• उठवताना लुळा हात धरून ओढू नका, खांदा दुखावतो. बसल्यावर हाताखाली उशी ठेवा.
• हाताला चटका कळत नसेल तर चुलीपासून जपा.

तरीही कुणी रोबोटसाठी कर्ज मागितलं, तर नाही म्हणण्याची घाई नको. आधी तीन गोष्टी विचारा : किती वेळा जावं लागेल? गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी धरून एकूण खर्च किती? त्यानंतर हाताने कोणतं काम जमेल, असं डॉक्टर सांगतात? उत्तरं मिळाली की सगळ्याजणींनी मिळून ठरवा.

पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्या ताईला तर नक्कीच.