जावातील कॉन्टेक्स्ट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जावामध्ये वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याची कॉन्टेक्स्टशी गाठ सुरुवातीलाच पडते. सगळ्यांना लागणाऱ्या वस्तू ठेवायची जागा, एवढीच त्याची ओळख करून दिली जाते आणि लॅपटॉपवर एकटे काम करताना ती पुरतेही. पण प्रोडक्शनमध्ये एकाच वेळी शेकडो माणसे येतात, सर्व्हर एकाचे दोन होतात, आणि मग आकडे जुळेनासे होतात, रोलबॅक होत नाही, डेटाबेसची कनेक्शन संपतात. अशा अनेक घोटाळ्यांच्या मुळाशी पुढचे गैरसमज असतात.

गैरसमज: सर्व्हलेटकॉन्टेक्स्ट आणि स्प्रिंगचा ॲप्लिकेशनकॉन्टेक्स्ट एकच आहेत.

वस्तुस्थिती: सर्व्हलेटकॉन्टेक्स्ट टॉमकॅट किंवा जेटीसारखा कंटेनर तयार करतो, ॲपमध्ये स्प्रिंग नसले तरी तो असतोच. ॲप्लिकेशनकॉन्टेक्स्ट हा स्प्रिंगचा. बीन तयार करणे, ती एकमेकांना जोडणे आणि शेवटी आवरून ठेवणे हे त्याचे काम. पारंपरिक वॉर फाइलमध्ये कॉन्टेक्स्टलोडरलिसनर हा मूळ ॲप्लिकेशनकॉन्टेक्स्ट तयार करतो आणि सर्व्हलेटकॉन्टेक्स्टमध्ये ॲट्रिब्यूट म्हणून ठेवतो. त्यामुळे साध्या सर्व्हलेटलाही वेबॲप्लिकेशनकॉन्टेक्स्टयुटिल्स या क्लासच्या मदतीने तो मिळवता येतो.

हे माहीत नसले की प्रत्येक रिक्वेस्टमध्ये क्लासपाथएक्सएमएलॲप्लिकेशनकॉन्टेक्स्ट नव्याने बनवण्याचा मार्ग पत्करला जातो. असे केल्यास दर वेळी सगळा संसार पुन्हा उभा राहतो: सगळी सिंगलटन बीन नवी, कनेक्शन पूलही नवा. जुने पूल कोणी बंद केलेले नसतात आणि थोड्याच वेळात डेटाबेस नवी कनेक्शन नाकारू लागतो.

गैरसमज: कॉन्टेक्स्टमध्ये ठेवलेली माहिती सगळ्या सर्व्हरना दिसते.

वस्तुस्थिती: सर्व्हलेटकॉन्टेक्स्ट प्रत्येक जेव्हीएममध्ये प्रत्येक ॲप्लिकेशनसाठी एक असतो. लोड बॅलन्सरमागे दोन सर्व्हर असतील तर कॉन्टेक्स्टही दोन, आणि एकात ठेवलेले ॲट्रिब्यूट दुसऱ्याला दिसत नाही. सर्व्हर बंद झाला की ती ॲट्रिब्यूट जातात. टॉमकॅट नीट बंद केला तर सेशन फाइलमध्ये लिहून ठेवू शकतो, पण कॉन्टेक्स्टच्या ॲट्रिब्यूटसाठी अशी सोय नाही. जे सर्वांना सारखे दिसायला हवे आणि टिकायला हवे, ते डेटाबेसमध्ये किंवा सामाईक कॅशमध्येच ठेवावे.

गैरसमज: कंटेनर असताना थ्रेडची काळजी आपण करायची नसते.

वस्तुस्थिती: सर्वांत जास्त नुकसान हा गैरसमज करतो. एखाद्या ग्रंथालयाच्या ॲपमध्ये आजच्या वाचकांची संख्या कॉन्टेक्स्टच्या ॲट्रिब्यूटमध्ये ठेवली आहे असे धरू. संख्या ४१ आहे. दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी येतात. पहिला थ्रेड ४१ वाचतो, दुसराही ४१ वाचतो. दोघेही त्यात एक मिळवून ४२ लिहितात. वाचक दोन आले, नोंद एकाची झाली. टॉमकॅट ॲट्रिब्यूटसाठी थ्रेडसुरक्षित मॅप वापरतो, तरीही हे घडते. कारण वाचणे सुरक्षित, लिहिणे सुरक्षित, पण दोन्ही मिळून होणारी क्रिया एकसंध नसते. ॲट्रिब्यूटमध्ये साध्या आकड्याऐवजी अ‍ॅटॉमिकलाँग ठेवला आणि वाढवायचे काम त्याच्याच मेथडकडे दिले, की ही चूक होत नाही.

स्प्रिंगच्या सिंगलटन बीनलाही हेच लागू पडते. सिंगलटन म्हणजे त्या कंटेनरमध्ये त्या व्याख्येची एकच वस्तू. ती थ्रेडसुरक्षित असेल असे आश्वासन स्प्रिंग देत नाही. कंट्रोलरच्या फील्डमध्ये ‘सध्याचा वापरकर्ता’ ठेवला, तर तेच फील्ड त्या वेळच्या सगळ्या रिक्वेस्ट वापरतात आणि एकाच्या खात्याचा तपशील दुसऱ्याच्या पडद्यावर जाऊ शकतो. एका रिक्वेस्टपुरती माहिती लोकल व्हेरिएबलमध्ये, मेथडच्या पॅरामीटरमध्ये किंवा रिक्वेस्ट स्कोपच्या बीनमध्ये ठेवावी.

गैरसमज: स्कोप प्रोटोटाइप केला की दर वेळी नवी वस्तू मिळते.

वस्तुस्थिती: कंटेनरकडे जितक्या वेळा मागाल तितक्या वेळा नवी मिळते. सिंगलटन बीनमध्ये प्रोटोटाइप इंजेक्ट केला तर मागणी एकदाच होते, सिंगलटन तयार होताना. त्यानंतर तीच वस्तू वापरली जाते. खरोखर दर वेळी नवी हवी असेल तर ऑब्जेक्टप्रोव्हायडर इंजेक्ट करून गरजेच्या जागी मागावी. शिवाय प्रोटोटाइप हाती दिल्यावर स्प्रिंग त्याचा हिशेब ठेवत नाही. त्याच्या डिस्ट्रॉय मेथड बोलावल्या जात नाहीत, म्हणून त्याने उघडलेली फाइल आपणच बंद करायची.

गैरसमज: कंपोनंट स्कॅन जितके व्यापक तितके चांगले.

वस्तुस्थिती: पारंपरिक स्प्रिंग एमव्हीसीमध्ये बहुधा दोन कॉन्टेक्स्ट असतात. मूळ कॉन्टेक्स्टमध्ये सर्व्हिस आणि रिपॉझिटरी, तर डिस्पॅचरसर्व्हलेटच्या बाल कॉन्टेक्स्टमध्ये कंट्रोलर. बालाला मुळातली बीन दिसतात, मुळाला बालातली दिसत नाहीत. दोन्हीकडे संपूर्ण पॅकेज स्कॅन केले तर प्रत्येक सर्व्हिस दोनदा तयार होते. ट्रान्झॅक्शनचे कॉन्फिगरेशन मात्र ज्या कॉन्टेक्स्टमध्ये लिहिले आहे, तिथल्याच बीनना लागू होते. ते मूळ कॉन्टेक्स्टमध्ये असेल तर कंट्रोलरला जवळची, म्हणजे बालातली, ट्रान्झॅक्शनविना असलेली सर्व्हिस मिळते. कोडवर @ट्रान्झॅक्शनल स्पष्ट दिसत असते, एररही येत नाही, पण अपवाद फेकला गेला तरी आधी लिहिलेल्या ओळी डेटाबेसमध्ये तशाच राहतात. उपाय साधा: बाल कॉन्टेक्स्टने फक्त कंट्रोलरचे पॅकेज स्कॅन करावे.

२०१४ मध्ये आवृत्ती १.० आलेल्या स्प्रिंग बूटमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही, कारण तिथे एकच कॉन्टेक्स्ट असतो. क्रमही उलटा असतो: आधी स्प्रिंगचा कॉन्टेक्स्ट सुरू होतो आणि तोच आतला टॉमकॅट चालू करतो.

गैरसमज: गेटरिअलपाथ नेहमी डिस्कवरचा पत्ता देते.

वस्तुस्थिती: वॉर फाइल न उलगडता चालवली तर ही मेथड नल देऊ शकते. ॲपमधली फाइल वाचायची असेल तर गेटरिसोर्सअ‍ॅजस्ट्रीम वापरावी. तसेच लिंकमध्ये ॲपचे नाव हाताने लिहू नये. गेटकॉन्टेक्स्टपाथने विचारावे, कारण ॲप मुळाशी बसवले की तो पाथ रिकामा असतो.

गैरसमज: ॲप थांबवले की सगळे आपोआप साफ होते.

वस्तुस्थिती: आपण स्वतः सुरू केलेला थ्रेड ॲप काढल्यावरही चालू राहू शकतो. तो जुन्या क्लासलोडरला धरून ठेवतो, आणि त्याच चालू सर्व्हरवर ॲप पुन्हा पुन्हा डिप्लॉय केले की मेमरी भरत जाते. टॉमकॅट लॉगमध्ये याचा इशारा देतो. तो वाचून सोडून देऊ नये. सर्व्हलेटकॉन्टेक्स्टलिसनरच्या कॉन्टेक्स्टडिस्ट्रॉइड मेथडमध्ये आपले थ्रेड थांबवावेत. २००९ च्या सर्व्हलेट ३.० पासून असा लिसनर ॲनोटेशननेही नोंदवता येतो, त्यासाठी वेबडॉटएक्सएमएल लागत नाही.

कॉन्टेक्स्ट म्हणजे हद्द असते: तिच्या आतल्या वस्तूचा जन्म कोणाच्या हाती, आयुष्य किती आणि वाटेकरी किती, हे ती ठरवते. कोणतीही वस्तू कॉन्टेक्स्टमध्ये टाकण्यापूर्वी ती कोण बनवणार, कधी संपणार आणि एका वेळी किती थ्रेड तिला हात लावणार, या तीन प्रश्नांची उत्तरे कोड रिव्ह्यूतच मागावीत. ती देता आली नाहीत तर त्या वस्तूची जागा बदलावी.