तालबद्ध जिम्नॅस्टिक्सपटू

तालबद्ध जिम्नॅस्टिक्सपटू : हूप (कडे), चेंडू, क्लब्ज (लहान मुद्गल) व रिबन (फीत) यांपैकी एक साधन हाताळीत, संगीताच्या तालावर शारीरिक कौशल्याची सलग रचना सादर करणारी खेळाडू. आंतरराष्ट्रीय पातळीवर हा क्रीडाप्रकार केवळ स्त्रियांसाठी आहे. वैयक्तिक व पाच जणींचा सांघिक असे त्याचे दोन विभाग आहेत. या खेळात शिक्षण, उत्कर्ष आणि निवृत्ती या तिन्ही अवस्था बहुधा वयाची पंचविशी गाठण्यापूर्वीच पूर्ण होतात. त्यामुळे खेळाडूची कारकीर्द व तिचे शालेय जीवन यांचा काळ जवळजवळ एकच असतो.

खेळाचा उदय : संगीताच्या साथीने हस्तसाधनांसह करावयाच्या सांघिक कसरती हेलसिंकी (१९५२) व मेलबर्न (१९५६) येथील ऑलिंपिक क्रीडासामन्यांत स्त्रियांच्या जिम्नॅस्टिक्सचा भाग होत्या. पुढे हा प्रकार स्वतंत्र झाला व त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६३ मध्ये बूडापेस्ट येथे भरली. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक स्पर्धा १९८४ (लॉस अँजेल्स) पासून व सांघिक स्पर्धा १९९६ (अटलांटा) पासून सुरू झाली. लॉस अँजेल्स येथे सोव्हिएत संघ व पूर्व युरोपातील बहुतेक देशांनी बहिष्कार घातला होता. तेथील सुवर्णपदक कॅनडाच्या लोरी फंग हिने मिळविले. महाराष्ट्रातील लेझीम हीदेखील हाती साधन घेऊन तालावर करावयाची कसरत आहे. तथापि लेझीमचा भर समूहाच्या एकलयीवर असतो, तर तालबद्ध जिम्नॅस्टिक्सचा भर शरीराची लवचिकता, तोल आणि साधन फेकून झेलण्याचे कसब यांवर असतो.

साधने व गुणदान : वैयक्तिक स्पर्धेत खेळाडू चार साधनांच्या चार स्वतंत्र रचना सादर करते. प्रत्येक रचना सव्वा ते दीड मिनिटाची असते. रचना १३ मी. लांब व तितक्याच रुंद क्षेत्रात करावी लागते. हूपचा आतील व्यास ८० ते ९० सेंमी., तर चेंडूचा व्यास १८ ते २० सेंमी. असतो. वरिष्ठ गटातील रिबन किमान ६ मी. लांब असते. दोरी हेही जुने साधन होय; परंतु वरिष्ठ वैयक्तिक स्पर्धांतून ते वगळण्यात आले आहे. काठिण्य, कलात्मकता व अंमलबजावणी या अंगांचे गुण स्वतंत्रपणे देऊन त्यांची बेरीज करतात व दंडाचे गुण त्यातून वजा करतात. हातून निसटलेले साधन जागच्या जागी उचलल्यास ०·५० गुण, एक-दोन पावले चालून उचलल्यास ०·७० गुण आणि तीन वा अधिक पावले जावे लागल्यास एक पूर्ण गुण कापला जातो. नव्वद सेकंदांतील एका चुकीने वर्षानुवर्षांच्या मेहनतीचे फळ बदलू शकते. सिडनी ऑलिंपिकमध्ये (२०००) जगज्जेत्या आलिना काबायेव्हाचे हूप निसटून क्षेत्राबाहेर गेले व तिला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. अथेन्स येथे (२००४) तिने सुवर्णपदक मिळविले.

कारकिर्दीच्या अवस्था : शिक्षणाचा आरंभ साधारणतः सहा-सात वर्षांच्या वयात होतो. सांध्यांची लवचिकता बालवयातच जोपासावी लागते, हे त्याचे मुख्य कारण होय. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघटनेच्या नियमांप्रमाणे १३ ते १५ वर्षे हा कनिष्ठ गट असून, ज्या वर्षी वयाची सोळा वर्षे पूर्ण होतात त्या वर्षाच्या आरंभापासून खेळाडू वरिष्ठ गटात गणली जाते. कनिष्ठांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१९ मध्ये मॉस्को येथे प्रथम भरली. वरिष्ठ गटातील यशही पुष्कळदा लवकर लाभते. रशियाची येव्हगेनिया कानायेव्हा बीजिंग येथे (२००८) अठराव्या व लंडन येथे (२०१२) बाविसाव्या वर्षी ऑलिंपिक विजेती झाली व त्याच वर्षी निवृत्त झाली. रशियातील बार्नाऊल येथे जन्मलेली दार्या व्हार्फोलोमेयेव्ह बाराव्या वर्षी शिक्षणासाठी जर्मनीत गेली. तिने २०२३ मध्ये व्हॅलेन्सिया येथील जागतिक स्पर्धेतील पाचही वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) सतराव्या वर्षी सुवर्णपदक मिळविले.

महाराष्ट्रातील खेळाडू : दिल्ली येथील राष्ट्रकुल क्रीडासामन्यांत (२०१०) भारतीय संघात अक्षता शेटे, क्षिप्रा जोशी व पूजा सुर्वे या महाराष्ट्राच्या खेळाडू होत्या. पूजा सुर्वे यांनी पुढे ठाणे येथे प्रशिक्षणाचे कार्य हाती घेतले. त्यांच्या शिष्यांपैकी संयुक्ता प्रसेन काळे हिने पंचकुला येथील ‘खेलो इंडिया’ युवा क्रीडास्पर्धेत (२०२२) तालबद्ध प्रकारातील पाचही सुवर्णपदके मिळविली. गोव्यातील राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत (२०२३) चार सुवर्ण व एक रौप्य पदक मिळवून ती ओडिशाच्या प्रणती नायक हिच्यासह सर्वोत्कृष्ट महिला खेळाडू ठरली. खेळाडूने निवृत्तीनंतर प्रशिक्षक व्हावे व पुढील पिढी घडवावी, ही परंपरा त्यामुळे राज्यात रुजली. मात्र २०२४ पर्यंतच्या कोणत्याही ऑलिंपिकमध्ये या प्रकारात भारतीय खेळाडू उतरलेली नाही.

अडचणी : वरिष्ठ गटातील प्रवेशाचे वर्ष आपल्याकडे साधारणपणे दहावीच्या परीक्षेच्या सुमारास येते, उत्कर्षाची वर्षे बारावी व महाविद्यालयातील प्रवेश यांच्याशी भिडतात. खेळ व शिक्षण यांतून एकाची निवड करण्याची वेळ मुलीवर व तिच्या पालकांवर याच वळणावर येते आणि अनेक होतकरू खेळाडू येथेच खेळ सोडतात. दुसरी अडचण जागेची. उंच फेकीसाठी उंच छत व संपूर्ण क्षेत्राचा गालिचा असलेले सभागृह लागते. अशी सोय जवळ नसल्यास नागपूरच्या उत्तरेकडील पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावातील मुलीला सरावासाठी रोज शहर गाठावे लागते. सहा-सात वर्षांच्या मुलीच्या बाबतीत याचा अर्थ घरातील एका मोठ्या माणसाचा दिवसही त्यात जातो.

तिसरी अडचण आरोग्याची. पाठीचा कणा वारंवार मागे वाकविल्याने कमरेच्या मणक्यांवर ताण पडतो. सडपातळ दिसण्याच्या आग्रहातून आहार कमी केल्यास मासिक पाळी लांबणे व हाडे कमकुवत होणे असे परिणाम संभवतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये श्रमाच्या मानाने अपुऱ्या आहारातून उद्भवणाऱ्या या विकारसमूहाकडे प्रशिक्षकांचे लक्ष वेधले. वाढत्या वयातील खेळाडूचे वजन घटविण्यापेक्षा तिचा आहार, विश्रांती व पाळीची नियमितता यांकडे लक्ष देणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्य मानले जाते.

खेळातून लवकर निवृत्त झालेल्या खेळाडूस प्रशिक्षक, पंच, नृत्यरचनाकार व शारीरिक शिक्षणाची अध्यापिका असे मार्ग खुले असतात. कारकिर्दीच्या काळात शालेय शिक्षण अखंड राहिले, तरच यांपैकी बहुतेक मार्गांचा तिला लाभ घेता येतो.