काचेमागचा फोटो आणि काचेवरची चमक

आज आम्ही कुरुळीच्या बचत गटातल्या बाया तुमच्याशी बोलणार आहोत एका फोटोबद्दल. विषय लहानच आहे. काचेतून फोटो काढला की त्यावर चमक येते, मागची खिडकी दिसते, कधी आपलंच तोंड दिसतं. ती चमक कशी घालवायची, एवढंच सांगायचं आहे. पण हे शिकताना आमच्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली. ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

आमचं गाव खेड तालुक्यात, चाकणच्या अलीकडे. आजूबाजूला कारखाने आले तशा गावात कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या उठल्या. जुनी कौलारू घरं पाडून तिथं स्लॅब पडतात. आमच्या गटातल्या एका ताईचं घरही असंच पाडायला काढलं. ओसरीच्या भिंतीवर तिच्या आजेसासूबाईंचा फोटो होता. आळंदीच्या यात्रेत कधीतरी काढलेला, काळा-पांढरा. त्यांचा तेवढा एकच फोटो. ताईनं फ्रेम खाली काढली, मागचे खिळे वाकवले आणि बघते तर फोटो काचेलाच चिकटलेला. एक कोपरा नखानं जरा उचलला, तर पदराची किनार कागदावरून सुटून काचेवरच राहिली. तिनं तिथंच हात आवरला, हे बरं केलं.

असं का होतं, ते ऐका. जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो. चित्र त्या थरात असतं. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, ती फ्रेममध्ये शिरते, थर फुगतो आणि काचेला डिंकासारखा बसतो. ओढला की चित्रच निघून येतं. म्हणून चिकटलेला फोटो सोडवायला जायचं नाही. सुरीनं नाही, पाण्यानं नाही, वाफेनंही नाही. काचेसकट ठेवायचा आणि काचेवरूनच दुसरा फोटो काढायचा.

ताईनं तसंच केलं. पण दारासमोर उभं राहून मोबाईलवर फोटो घेतला, त्यामुळे आजीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत दाराच्या उजेडाचा पांढरा पट्टा आला. घरातल्या एका पोरानं तो एका अॅपमध्ये टाकला. बटण दाबलं आणि मिनिटभरात पट्टा गायब! चेहरा कसा स्वच्छ, गुळगुळीत. आम्ही सगळ्या खूश. त्याचीच मोठी फ्रेम करायची ठरलं. तेवढ्यात ताईच्या आत्येसासूबाई आल्या. फोटोतल्या बाईंची ही लेक, आता ऐंशीच्या घरातली. तिनं फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "ही आमची आई नव्हे. हिच्या हनुवटीवरचं गोंदण कुठंय?"

आम्ही गप्प झालो. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते, ते अॅपनं चमकेबरोबर पुसून टाकले होते. ओठही जरा वेगळे केले होते. आम्हाला ते कळलंच नाही, कारण आमच्यापैकी कुणी आजींना पाहिलेलंच नव्हतं. आत्याबाई त्या दिवशी आल्या नसत्या, तर पुढच्या पिढ्यांनी कुणा भलतीलाच हार घातला असता.

मग आम्ही हा विषय मुळापासून समजून घेतला. चमक येते कशी? साधी काच सगळा उजेड आरपार जाऊ देत नाही. समोरून १०० भाग उजेड आला, तर साधारण ८ भाग ती परत फेकते. थोडा पुढच्या अंगानं, थोडा मागच्या. तिरका उजेड आला तर आणखी जास्त. ८ भाग म्हणजे काही फार नाही. पण दारातलं ऊन इतकं तेज असतं, की त्याचे ८ भागसुद्धा काचेमागच्या काळ्या लुगड्यावरून येणाऱ्या उजेडाला भारी पडतात. म्हणूनच फोटोतल्या काळ्या जागेवर चमक जास्त दिसते.

आता अॅप काय करतं? आपल्या हिशोबाच्या वहीचं उदाहरण घेऊ. समजा, एका पानावर दोघींची मिळून ५०० रुपये जमा अशी बेरीज आहे, पण कुणी किती भरले ते लिहिलेलं नाही. बेरीज दिसते, आकडे दिसत नाहीत. काचेवरून काढलेला फोटो असाच असतो. आतल्या चित्राचा उजेड अधिक वरची चमक, अशी बेरीजच कॅमेऱ्यात उतरते. एकाच फोटोवरून वेगळे आकडे सांगायचे, तर अंदाजच बांधावा लागतो. अॅडोबी कंपनीनं डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या कॅमेरा रॉ या सॉफ्टवेअरमध्ये खिडकीच्या काचेवरची प्रतिबिंबं काढायची सोय आणली. सॅमसंगच्या काही फोनमध्येही गॅलरीत प्रतिबिंब पुसायचं बटण आहे. ही साधनं हुशार आहेत, पण त्यांचंही काम अंदाजाचंच.

आणि चमक फारच तेज असेल, तर तिथं फोटो पांढराफटक पडतो. म्हणजे वहीच्या पानावर शाई सांडली, आकडाच गेला. तिथं अॅप जे भरतं, ते दुसऱ्या हजारो चेहऱ्यांवरून शिकलेलं असतं. आपल्या आजीचं नसतं.

पण समजा, त्याच वहीची आणखी चार महिन्यांची पानं मिळाली. एकीचा हप्ता दर महिन्याला सारखाच असतो आणि दुसरीचा कमीजास्त होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तर ज्या महिन्यात दुसरीनं काहीच भरलं नाही, त्या महिन्याची बेरीज हाच पहिलीचा हप्ता. फोटोचंही तसंच. फोन जरा सरकवला की चमक काचेवर दुसरीकडे जाते, आतलं चित्र मात्र जागच्या जागी राहतं. एका फोटोत कपाळ झाकलेलं, तर दुसऱ्यात ते मोकळं. गूगलचं २०१६ मध्ये आलेलं फोटोस्कॅन हे मोफत अॅप याच युक्तीवर चालतं. आधी समोरून एक फोटो घ्यायचा. मग पडद्यावर चार ठिपके येतात. फोन हळूहळू एकेका ठिपक्यावर न्यायचा. अॅप ते सगळे फोटो जुळवून प्रत्येकातली बिनचमकेची जागा घेतं. इथं मनचं काही भरायची गरज फार कमी पडते.

पण सगळ्यांत उत्तम म्हणजे चमक येऊच द्यायची नाही. आम्ही काय केलं, ते क्रमानं सांगतो.

काच कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. पाणी फवारू नका, ते कडेनं आत झिरपतं. फ्रेम अशी ठेवा की खिडकी किंवा दार बाजूला येईल, तुमच्या पाठीमागे नको. उजेड काचेवरून कॅरमच्या सोंगटीसारखा उडतो. ज्या कोनात येतो, त्याच कोनात पलीकडे जातो. बाजूनं आला की दुसऱ्या बाजूला निघून जाईल, फोनमध्ये शिरणार नाही. ट्यूबलाईट बंद करा, फ्लॅशही बंद.

मग आम्ही घोंगडं आणलं. दोघींनी ते ताईच्या पाठीमागे पडद्यासारखं धरलं. काचेत प्रतिबिंब पडायचंच असेल तर काळोखाचं पडू दे, म्हणजे ते दिसणार नाही. तरी ताईचा उजळ हात आणि फोनची चकचकीत कड काचेत दिसत होती. मग काळ्या कार्डपेपरला कॅमेऱ्याएवढं भोक पाडलं आणि फोन त्यामागे धरला.

फोनच्या पडद्यावर आजींच्या चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड थोडा कमी केला, म्हणजे काही पांढरंफटक पडत नाही. जरा डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून असे आठ-दहा फोटो घेतले.

आणखी एक युक्ती. मोटारसायकलवाले पोलराइज्ड गॉगल घालतात. तो फोनच्या पडद्यासमोर धरून फिरवला आणि पडदा काळा पडत गेला, तर बहुतेक तो गॉगल पोलराइज्ड आहे असं समजा. त्याची काच कॅमेऱ्यासमोर धरून हळूहळू फिरवली की एका ठिकाणी चमक विझते. समोरून मात्र हे जमत नाही, तिरकं उभं राहावं लागतं. काचेच्या अगदी समोर उभं राहिलो तर शून्य अंश धरा. तिथून साधारण ५६ अंश बाजूला सरकलं की चमक सगळ्यात जास्त विझते. हा कोन स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांच्या नावानं ओळखला जातो. त्यांनी त्याचा नियम १८१५ मध्ये मांडला. तिरका आलेला फोटो नंतर अॅपमध्ये सरळ करता येतो.

झेरॉक्सच्या दुकानातला स्कॅनरही चालतो. फ्रेमची लाकडी चौकट काढायची आणि काचेला चिकटलेला फोटो काचेसकट पालथा ठेवायचा. स्कॅनरचा दिवा तिरका असतो, म्हणून चमक सहसा येत नाही. पातळ स्कॅनर असेल तर मधल्या काचेमुळे चित्र जरा धूसर येतं, एवढंच.

एसटीच्या किंवा घराच्या खिडकीतून फोटो काढायचा असेल, तर याहून सोपं. फोनचा कॅमेरा काचेला जवळजवळ टेकवा, भोवती हाताची ओंजळ किंवा पदर धरा, आतला दिवा घालवा. काम झालं.

एवढं करूनही थोडी चमक राहिली, तर मग अॅप उघडा. आम्ही स्नॅपसीड वापरलं, ते मोफत आहे. पर्स्पेक्टिव्हनं तिरका फोटो सरळ केला. पदरावर धुक्यासारखी फिकट चमक होती. तिथं सिलेक्टिव्हनं तेवढ्या जागेचा उजेड कमी केला आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवला. धुक्याखाली जे होतं तेच वर आलं, नवं काही घातलं नाही. मागच्या कोऱ्या पडद्यावर एक ठिपका होता, तो हीलिंगनं पुसला. हीलिंग म्हणजे शेजारचा तुकडा उचलून ठिगळ लावणं. कोऱ्या भिंतीवर, साध्या कापडावर ते चालतं. डोळे, ओठ, कुंकू, गोंदण, दागिने यांवर हीलिंग फिरवायचं नाही, असा आम्ही गटाचा नियमच केला आहे.

हे करताना आत्याबाईंना शेजारी बसवलं होतं. प्रत्येक पायरीला विचारलं, "आत्याबाई, बघा, अशाच होत्या का?" हनुवटीवरचे तीन ठिपके फिकट, पण जागेवर दिसले. तेव्हा त्यांनी फोनच्या पडद्यावरून नुसतं बोट फिरवलं. त्यांना त्या ठिपक्यांची जागा पाठ होती.

पदराची जी किनार ताईच्या नखानं सुटली, ती काही परत आली नाही. पोरगं म्हणालं, अॅपनं भरून देतो. आम्ही नको म्हटलं. तेवढा कोपरा फाटका राहू दिला. फाटका आहे, पण खरा आहे.

शेवटी चार गोष्टी लक्षात ठेवा. मूळ फोटोवर काम करू नका, आधी कॉपी करा आणि कॉपीवर करा. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक खुणा जातात. फोटो कुणाचा, कुणाची कोण, कुठं काढला, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. आणि अॅपनं चेहरा फार सुंदर करून दिला, तर आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा.

कुरुळीत अजून बरीच जुनी घरं पाडायची आहेत. तुमच्या गावीही असतील. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या भिंतीवरचा एक जुना फोटो आणा, एक घोंगडं आणा आणि त्या माणसाला पाहिलेलं घरातलं एखादं जुनं माणूस बरोबर घेऊन या. घर पाडायच्या आधी हे काम झालेलं बरं.