परक्या गाडीतून गेलेला आपला उपग्रह

भोकरसारख्या तालुक्याच्या गावी अंतराळयानाचा विषय काढला, तर हा आपला विषय नव्हे असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मृगाच्या तोंडावर सरकी घरात आणून आभाळाकडे पाहणारा शेतकरी पावसाचा जो अंदाज ऐकतो, त्यामागे उपग्रहाने टिपलेली ढगांची चित्रे असतात. असा एक उपग्रह आकाशात कसा ठेवला गेला, त्याची हकिकत आम्ही येथे सांगणार आहोत.

भारताचा इन्सॅट-१ए हा उपग्रह एप्रिल 1982 मध्ये अमेरिकन अग्निबाणाने वर गेला. पण दिशा राखण्यासाठी लागणारे इंधन संपून सप्टेंबरात तो निकामी झाला. साहजिकच सर्व भिस्त त्याच्या धाकट्या भावावर, म्हणजे इन्सॅट-१बीवर येऊन पडली. अमेरिकेतील फोर्ड कंपनीने बांधलेला हा उपग्रह 'चॅलेंजर' या शटलयानातून जावयाचा होता.

शटलमध्ये माल भरणे म्हणजे गाडीत पोती रचणे नव्हे. उड्डाणाचे हादरे, निर्वात पोकळी, कडक ऊन आणि पराकाष्ठेची थंडी या साऱ्यांची परीक्षा उपग्रहाला जमिनीवरच द्यावी लागते. शिवाय येथे माणसे सोबत असतात. म्हणून मालाला जोडलेली दारूगोळ्याची मोटर यानाजवळ चुकूनही पेटू नये, यासाठी एकावर एक अडसर घालावे लागतात. इन्सॅटची घडणही विलक्षण होती. ढगांचे चित्र घेणाऱ्या उपकरणाला थंड राहण्यासाठी एका बाजूचे आकाश मोकळे हवे, म्हणून वीज देणारा सौरपंखा दुसऱ्याच बाजूस ठेवला. मग उन्हाच्या दाबाने तोल जाऊ नये, यासाठी मोकळ्या बाजूस एका लांब दांड्याच्या टोकाला शीड लावले. हे सारे घडी घालूनच न्यावयाचे होते.

30 ऑगस्ट 1983 रोजी चॅलेंजर उडाले, तेव्हा फ्लोरिडात मध्यरात्र उलटून अडीच वाजले होते, आणि आपल्याकडे दुपारचे बारा. शटलचे हे पहिलेच रात्रीचे उड्डाण. ही अवेळ इन्सॅटच्या सोयीसाठीच निवडली होती. नवरदेवासाठी वऱ्हाडाने मुहूर्त साधावा, तसे हे झाले.

शटल फिरत होते सुमारे 300 किलोमीटर उंचीवर, आणि इन्सॅटची जागा होती सुमारे 36,000 किलोमीटरवर. एस. टी. आपल्याला फाट्यावर उतरविते, पुढे गाव स्वतःच गाठावे लागते; त्यातलाच हा प्रकार. दुसऱ्या दिवशी उन्हापासून रक्षण करणारे आच्छादन उघडले गेले. खालच्या चकतीने उपग्रहाला भोवऱ्यासारखे फिरविले, कारण फिरता भोवरा कलंडत नाही. मग पकड सुटली, आणि स्प्रिंगांनी त्याला माणसाच्या चालीने हलकेच बाहेर लोटले. शटल दूर सरकले. सुमारे पाऊण तासाने मोटर पेटली आणि उपग्रह लंबवर्तुळाकार मार्गाला लागला. तेथून वरची वर्तुळाकार कक्षा त्याने स्वतःच्या इंजिनाने गाठली.

परंतु संकट टळले नव्हते. सौरपंखा पुरता उलगडेना. विजेवाचून उपग्रह म्हणजे निव्वळ लोखंडाचा गोळा! पहिल्याची आठवण ताजी असताना कर्नाटकातील हासन येथील नियंत्रण केंद्रात ते दिवस कसे गेले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. सप्टेंबरच्या मध्यास पंखा उघडला, आणि ऑक्टोबरात उपग्रह कामास लागला. पुढे दूरदर्शन गावोगावी पोहोचले आणि वादळांची आगाऊ सूचना मिळू लागली, त्यात या उपग्रहाचा वाटा मोठा होता.

परक्या गाडीचा भरवसा मात्र किती धरावा? 28 जानेवारी 1986 रोजी हेच चॅलेंजर सात अंतराळवीरांसह आकाशात नष्ट झाले. शटलमधून जाणारा इन्सॅट-१सी खोळंबला, आणि त्याच्यासोबत जावयाच्या भारतीय अंतराळवीराचा प्रवासही राहून गेला. अखेर 1988 मध्ये तो उपग्रह युरोपच्या एरियान अग्निबाणाने गेला. 2011 मध्ये शटलचे पर्वच संपले.

फेब्रुवारी 2024 मध्ये इन्सॅट-३डीएस हा हवामान उपग्रह श्रीहरिकोट्याहून आपल्याच अग्निबाणाने वर गेला. गाडीही आपली आणि मुहूर्तही आपला. तिफण शेजाऱ्याकडून मागून आणणाऱ्याची पेरणी शेजाऱ्याच्या सवडीने होते, हे आमच्या भागातील शेतकऱ्यास सांगावयास नको.