अंगणातली बाग, भाग ६ : आधी पाण्याला वाट, मग छप्पर

मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं आता हातभर झाली असतील. त्यांच्यापुढे उभा आहे तो आपला पाऊस. २०२५ साली तो २६ मेलाच मुंबईत येऊन थडकला. नेहमीची तारीख ११ जून. त्यामुळे 'मे संपला की बघू' असं म्हणणं आता परवडत नाही.

पहिल्या जोरदार सरीनंतर बहुतेक जण धावतात ते प्लॅस्टिक आणायला. मला ते उलटं वाटतं. आपल्याकडे झाडं पानं भिजल्यामुळे फारशी मरत नाहीत, ती मुळाशी गुदमरून मरतात. मुळांना श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणी भरलं की हवा बाहेर पडते, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी हळू झिरपतो. उरलासुरला प्राणवायू मुळं आणि जिवाणू दिवस-दोन दिवसांत संपवतात. अशा मुळांकडून वर जाणाऱ्या एका द्रव्यापासून पानांत इथिलीन तयार होतं आणि टोमॅटोच्या पानांचे देठ खाली वाकतात. पाहणाऱ्याला वाटतं, झाड तहानलं, आणि तो वरून आणखी पाणी ओततो. झाड मलूल दिसलं की आधी मातीत बोट खुपसून पाहा. चिखल लागला तर पाणीही नको आणि खतही नको.

म्हणून जमिनीतल्या झाडांसाठी गादीवाफा हवा. वीतभर उंच, आणि दोन वाफ्यांमधला चर उताराच्या दिशेने पार कुंपणाबाहेर काढलेला. उन्हाळ्यात पाणी धरून ठेवण्यासाठी केलेली आळी आता मोडा आणि खोडाशी मातीची भर द्या. बदलापुरात नव्या इमारतींभोवती बरेचदा भरावाचा मुरूम आणि डबर असतं, वर चार बोटं माती. अशा जागी खड्डा खणून लावलेलं झाड म्हणजे डबक्यातलं झाड. तिथे वरच रचलेला वाफा चांगला. उल्हासनगरच्या दाटीत बाग असते ती खिडकीच्या ग्रिलमध्ये. तिथे कुंड्यांखालच्या ताटल्या चार महिने काढून ठेवा आणि कुंड्या विटांच्या तुकड्यांवर टेकवा. ताटलीतल्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डासही वाढतात.

छप्पर घालायचंच तर इरल्यासारखं घाला : पाठ झाकलेली, समोरून हवा मोकळी. चारही बाजूंनी गुंडाळलेल्या प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडते आणि बुरशीला तेच हवं असतं. बांबूवर उतरतं प्लॅस्टिक, शेंड्यापासून हात-दीड हात उंच. आपला झोडपणारा पाऊस पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, तेव्हा उतरती बाजू तिकडे ठेवा. शेडनेट पाणी अडवत नाही, पण थेंबांचा मार मोडते, आणि हा फायदा मोठा आहे. जोरदार थेंबाने उडालेल्या मातीबरोबर रोगाचे बीजाणू खालच्या पानांवर बसतात. जमिनीवर पेंढ्याचं आच्छादन आणि मातीला टेकणारी पानं खुडून टाकणं, एवढ्यानेही करपा बराच लांबतो.

बुरशी रोखायला फवारायचं बोर्डो मिश्रण १८८५ च्या सुमारास फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांत निघालं आणि आजही स्वस्त आहे. घरच्यासाठी एक लिटर पुरतं. दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, दहा ग्रॅम चुना अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवायचे आणि मग एकत्र करायचे. त्यात लोखंडी पातं बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर आणखी थोडा चुना घाला. त्याच दिवशी वापरा, आणि उघडीप पाहून रोग दिसायच्या आधी फवारा. आत शिरलेली बुरशी याने मरत नाही.

वाऱ्यासाठी काठी लागतेच, पण सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा. थोडं डोलणारं खोड जाड होतं. जखडलेलं खोड लुकडं राहतं आणि गाठीपाशीच तुटतं.

पुराची गोष्ट वेगळी. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं. उल्हास नदी अशी पसरते तेव्हा वाफ्यांवर गाळाचा थर बसतो. तो वाळून पापुद्रा धरण्याआधी हलक्या हाताने काढा, पानं स्वच्छ पाण्याने धुवा आणि माती खुरप्याने उकरून हवा खेळू द्या. अंबरनाथ आणि उल्हासनगरमध्ये वालधुनीचं पाणी शिरलं असेल तर मात्र मन घट्ट करा. त्या नदीत वर्षानुवर्षं कारखान्यांचं रसायन सोडलं गेलं आहे. तिच्या पाण्यात बुडालेली पालेभाजी कितीही धुतली तरी खाऊ नये, कुंड्यांतली मातीही बदलावी.

पुढच्या आठवड्यात मांडवावरची काकडी, दोडका आणि कारली, आणि ऐन पावसात त्यांच्यावर येणारा केवडा रोग.